घरच्या कॉम्प्युटरवरचे हरवलेले मेल परत कसे मिळवायचे

मेल दिसेनासे झाले की आपले हात आपोआप चालायला लागतात. प्रोग्राम बंद करून चालू करायचा, अकाउंट काढून पुन्हा घालायचं, ‘रिपेअर’ लिहिलेलं जे बटण दिसेल ते दाबायचं. आधी ते सगळं थांबवा. डिलीट झालेला मेल पुष्कळदा लगेच पुसला जात नाही. तो कुठेतरी पडून असतो आणि आपल्या या धावपळीतच कायमचा जातो.

हे मी स्वतः भोगून सांगते आहे. माझी आई साठी उलटल्यावर ईमेल शिकली आणि मग दर आठवड्याला मला लिहायची. ती गेल्यानंतर काही महिन्यांनी इनबॉक्स आवरायला बसले. जाहिरातींचे मेल निवडता निवडता तिची पत्रंही निवडली गेली. डिलीट केली आणि वर ट्रॅशही रिकामा केला. चूक सर्वस्वी माझी होती. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तेव्हा सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर, एकही प्रत नव्हती. तरीही जवळजवळ सगळी पत्रं परत मिळाली, ती पाचव्या पायरीत सांगितलेल्या मार्गाने. पण थेट तिकडे उडी मारू नका. तुमचे मेल कदाचित तिसऱ्या पायरीतच सापडतील.

आधी हे जवळ घ्या

- एक रिकामी एक्स्टर्नल डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह. वर्षानुवर्षांचे मेल अटॅचमेंटसकट कित्येक जीबी भरतात, म्हणून जागा भरपूर हवी.
- मेलचा पासवर्ड आणि त्या अकाउंटला जोडलेला फोन. मध्येच लॉगिन अडलं तर ओटीपी त्यावरच येणार.
- सूचना वाचायला दुसरा कॉम्प्युटर किंवा फोन. ज्या मशीनवर मेल हरवलेत ते कमीत कमी वापरायचं आहे.
- साधा टेक्स्ट एडिटर, उदाहरणार्थ नोटपॅड प्लस प्लस. वर्डसारखा प्रोग्राम इथे चालत नाही.
- कागद-पेन. त्यावर लिहा: कोणाचा मेल, शेवटचा कधी पाहिला होता, त्यानंतर कॉम्प्युटरवर काय काय केलं. हे आत्ता लिहिलं नाही तर तासाभराने तुम्हालाच आठवणार नाही.

१. इंटरनेट तोडा, मग मेलचा प्रोग्राम बंद करा

क्रम हाच ठेवा. वायफाय बंद करा किंवा केबल काढा. प्रोग्राम सर्व्हरशी जोडलेला राहिला तर ‘सर्व्हरवर नाही, म्हणजे इथेही नको’ असा हिशेब करून तो उरलेली प्रतही काढून टाकू शकतो.

हेच अकाउंट फोनवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर आहे का? मग मेल ॲप उघडण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद असल्याची खात्री करा. फोनने अजून सर्व्हरशी ताळमेळ घातला नसेल, तर हरवलेला मेल तिथे जसाच्या तसा दिसतो. दिसला तर मजकूर कॉपी करून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या, आणि ते झाल्याशिवाय नेट चालू करू नका. एकदा नेट लागलं की काही सेकंदांत तो तिथूनही जाऊ शकतो.

२. तुमचे मेल मुळात राहतात कुठे, ते ठरवा

पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे. प्रोग्रामच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंटचा प्रकार बघा. तिथे पॉप किंवा आयमॅप असं लिहिलेलं असतं.

पॉप म्हणजे टपालपेटीतून पत्रं काढून घरी आणणं. मेल तुमच्या डिस्कवर उतरतात आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या खुणेची निवड नसेल तर सर्व्हरवरून निघून जातात. घरातली प्रत हीच एकमेव प्रत. माझं अकाउंट असंच होतं.

आयमॅपमध्ये खरे मेल सर्व्हरवर असतात आणि कॉम्प्युटरवर दिसतं ते त्याचं प्रतिबिंब. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. शोध आधी सर्व्हरवर घ्यायचा आणि घरच्या डिस्ककडे नंतर वळायचं.

मेल फक्त ब्राउझरमध्ये वाचत असाल तर तुमच्या डिस्कवर शोधण्यासारखं जवळपास काही नाही. तिसरी, चौथी आणि नववी पायरी तुमच्यासाठी.

३. मेल खरंच गेलेत की नुसते नजरेआड आहेत?

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ब्राउझरमध्ये लॉगिन करा. जीमेल असेल तर सर्च बॉक्सच्या उजव्या टोकाची खूण दाबून, ‘सर्च’ समोरच्या यादीतून ‘मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश’ निवडा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता टाका. साधा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये पाहत नाही, आणि तिथेच अनेकांची फसगत होते. ‘ऑल मेल’ही उघडून बघा. फोनवर मेलवरून बोट सरकलं की तो अर्काइव्ह होतो. इनबॉक्समधून गायब, पण डिलीट मुळीच झालेला नाही.

आउटलुकमध्ये इनबॉक्सचे ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन भाग असतात, दुसरा बघायचा राहून जातो. कधी ‘फक्त न वाचलेले दाखवा’ असा फिल्टर चुकून लागलेला असतो. ‘व्ह्यू’ टॅबमधल्या ‘रीसेट व्ह्यू’ने तो निघतो. जुन्या, क्लासिक आउटलुकमध्ये ऑटोअर्काइव्ह चालू असेल तर ठराविक काळापूर्वीचे मेल आपोआप वेगळ्या फाईलमध्ये हलवले जातात. ‘एका विशिष्ट तारखेच्या आधीचं सगळं गेलं’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथे घ्या. डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाईल्स’ फोल्डरमध्ये अर्काइव्ह नावाची पीएसटी फाईल (आउटलुक ज्यात मेल साठवतो ती) शोधा.

मेल येतात आणि थोड्या वेळाने नाहीसे होतात, असं असेल तर दोन शक्यता तपासा. घरात कुठेतरी जुना लॅपटॉप पॉपवर चालू आहे आणि तो मेल ओढून घेतोय, ही पहिली. दुसरी गंभीर आहे. तुमच्या अकाउंटमध्ये कोणी शिरलंय आणि त्याने मेल परस्पर हलवणारा किंवा दुसरीकडे पाठवणारा नियम लावून ठेवलाय. सेटिंग्जमध्ये फिल्टर, रूल्स आणि फॉरवर्डिंग हे तिन्ही उघडा. तुम्ही न केलेला नियम दिसला तर त्याचा फोटो काढा, नियम काढून टाका, पासवर्ड बदला, बाकी सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. मेल शोधणं त्यानंतर.

४. सर्व्हरची मुदत संपली नाही ना?

ट्रॅशमधले मेल तिथे कायम राहत नाहीत. जीमेलमध्ये ट्रॅश आणि स्पॅम दोन्हींना ३० दिवस मिळतात. याहूमध्ये ट्रॅशचे ७ दिवस, म्हणून तिथे आजचं काम उद्यावर टाकू नका. आउटलुक डॉट कॉमवर ‘डिलीटेड आयटम्स’ रिकामा झाल्यावरही त्याच फोल्डरच्या वरच्या बाजूला ‘रिकव्हर आयटम्स डिलीटेड फ्रॉम धिस फोल्डर’ अशी ओळ असते. ती दाबून बघा. शिफ्ट धरून डिलीट केलेले मेलही तिथे सापडू शकतात.

नोकरीच्या ठिकाणचं किंवा संस्थेचं अकाउंट असेल तर तिथल्या आयटी विभागाला लगेच लिहा. तुमच्या हातात नसलेली परत मिळवण्याची सोय त्यांच्या हातात असते, पण तिलाही मुदत असते. एक्स्चेंजवर, म्हणजे अनेक कंपन्या वापरतात त्या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर, ती मुळात १४ दिवसांची ठेवलेली असते.

५. थंडरबर्ड: डिलीट झालेला मेल फाईलमध्येच असतो

ही पायरी सविस्तर लिहिते, कारण इथे आशा सोडून दिलेले मेल परत मिळतात.

थंडरबर्ड हा मेल वाचायचा मोफत प्रोग्राम. तो एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाईलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवतो. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. इनबॉक्ससाठी ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन नसलेली फाईल, आणि तिच्या शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाईल. पहिलीत खरे मेल, दुसरीत फक्त अनुक्रमणिका.

तुम्ही मेल डिलीट करता तेव्हा तो मोठ्या फाईलमधून खोडला जात नाही. त्याच्या डोक्यावरच्या एका ओळीत आकडा बदलतो, ‘हा आता दाखवू नकोस’ एवढाच त्याचा अर्थ. ट्रॅश रिकामा केला तरी मूळ फोल्डरच्या फाईलमधली ही प्रत राहते. ती खरोखर जाते ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर. म्हणून ‘फोल्डर कॉम्पॅक्ट करून जागा वाचवायची का?’ असा प्रश्न आला तर होकार देऊ नका. काही वेळा हे न विचारताही होतं, त्यासाठीच प्रोग्राम बंद ठेवायला सांगितलं.

आता काम. ऑफलाइन असतानाच थंडरबर्ड क्षणभर उघडून ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये जा. तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर ‘ओपन फोल्डर’ असं बटण आहे. फोल्डर उघडला की त्याचा पत्ता लिहून घ्या, थंडरबर्ड बंद करा, आणि तो अख्खा फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. इथून पुढे हात लावायचा तो या कॉपीलाच.

कॉपीत पॉपचे मेल ‘मेल’ नावाच्या फोल्डरमध्ये आणि आयमॅपचे ‘आयमॅपमेल’मध्ये असतात. आधी फक्त फाईलचा आकार बघा. स्क्रीनवर इनबॉक्स रिकामा, पण इनबॉक्सची फाईल शेकडो एमबीची, म्हणजे मेल आत आहेत. मेल तुम्ही डिलीट केलेच नव्हते आणि तरी यादी रिकामी दिसत असेल, तर बिघाड बहुधा अनुक्रमणिकेत असतो. कॉपी हाताशी आहे, म्हणून एवढ्यापुरतं मूळ प्रोफाइलमध्ये जाऊन शेजारच्या एमएसएफ फाईलचं नाव बदला. पुढच्या वेळी थंडरबर्ड नवी बनवतो आणि यादी परत दिसते.

डिलीट केलेले मेल परत आणायचे असतील तर मोठी फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. उघडायला वेळ लागेल, धीर धरा. प्रत्येक मेलच्या सुरुवातीला पत्ते, तारखा आणि ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ नावाची ओळ दिसेल. तिच्यापुढे चार जागांचा आकडा असतो. वाचलेल्या साध्या मेलला ०००१, न वाचलेल्याला ००००. डिलीट झाला की त्यात ८ मिळवले जातात, म्हणजे वाचून डिलीट केलेला मेल ०००९ आणि न वाचता डिलीट केलेला ०००८. खाली त्याच नावाची ‘एक्स-मोझिला-स्टेटस२’ अशी दुसरी ओळ असते, तिला हात लावू नका.

इथे मराठी पत्रं शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. मी एडिटरमध्ये आईचं नाव टाकून शोधत बसले आणि एकही उत्तर येईना. वाटलं, संपलं सगळं. मग पानं खाली सरकवताना तिचा पत्ता दिसला, त्याखाली नुसत्या बरोबरच्या खुणा आणि रोमन अक्षर-आकड्यांच्या माळा. मेल पाठवताना देवनागरी अक्षरं अशा सांकेतिक रूपात बदलली जातात. त्यातल्या एका पद्धतीत एकट्या ‘आ’ला ९ चिन्हं लागतात, ‘आई’ला १८. दुसऱ्या पद्धतीत तर सलग अर्थहीन अक्षरांचे ठोकळेच दिसतात. विषयाची ओळही तशीच. म्हणून मराठी शब्द शोधू नका, पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता शोधा. तो रोमन अक्षरांत जसाच्या तसा असतो. आणि त्या माळा बघून फाईल खराब झाली असं समजू नका, पत्र आत शाबूत आहे.

एडिटरच्या ‘रिप्लेस ऑल’ने त्या ओळीतला ०००९ बदलून ०००१ करा आणि ०००८ बदलून ००००. शोधताना ओळीचं पूर्ण नाव आणि त्यापुढची विसर्गासारखी खूणही घ्या, नुसता आकडा घेतलात तर अटॅचमेंटमधले आकडे बदलतील आणि ती बिघडेल. उत्तर दिलेल्या मेलचे आकडे वेगळे असतात, ते राहून गेले तर हाताने बदला.

फाईल सेव्ह करून तिला नवं रोमन नाव द्या, एक्स्टेन्शन न लावता. मूळ प्रोफाइलमध्ये ‘मेल’च्या आत ‘लोकल फोल्डर्स’ आहे, त्यात ही फाईल ठेवा आणि नेट बंदच ठेवून थंडरबर्ड उघडा. डावीकडे त्या नावाचा नवा फोल्डर दिसेल. आजवर डिलीट केलेला कचराही त्यात परत आलेला असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाठवणाऱ्याच्या नावावर क्लिक करून क्रम लावा, हवे ते मेल वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा.

थंडरबर्डमध्ये ‘रिपेअर फोल्डर’ही आहे. पॉपच्या फोल्डरवर तो नवी अनुक्रमणिका बनवतो. आयमॅपवर मात्र तो घरची प्रत टाकून देऊन सर्व्हरवरून नव्याने उतरवतो, आणि सर्व्हरवर मेल नसेल तर तुमची शेवटची प्रत गेली. बटण एकच, परिणाम उलट.

६. आउटलुक

आउटलुकच्या घरच्या फाईली दोन प्रकारच्या. पॉपची पीएसटी, तीच खरी. आयमॅप आणि एक्स्चेंजची ओएसटी, ती सर्व्हरची प्रत. दोन्हींची कॉपी घेऊन ठेवा.

पीएसटी उघडतच नसेल तर ऑफिससोबतच येणारा ‘स्कॅनपीएसटी’ हा छोटा प्रोग्राम ऑफिसच्या फोल्डरमध्ये शोधा आणि कॉपीवर चालवा. दुरुस्तीआधी बॅकअपची खूण ठेवायला सांगतो, ती ठेवा. जागा न सापडलेले मेल तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये टाकतो, तिथे बघायला विसरू नका. फार जुन्या, आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाईल बिघडायची. जुन्या डिस्कवरची फाईल बरोबर त्या आकाराच्या आसपास असेल तर कारण हेच असणार.

अकाउंट काढून पुन्हा घालण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. फाईलींची कॉपी घेतल्याशिवाय तो ऐकू नका.

७. मॅक

मॅकच्या मेलमध्ये ‘रीबिल्ड’ आहे, त्यालाही वरचाच इशारा लागू: आयमॅपवर तो घरची प्रत टाकून देतो. टाइम मशीन (मॅकची बॅकअपची सोय) चालू असेल तर लायब्ररीतल्या ‘मेल’ फोल्डरची जुनी तारीख उघडा आणि फोल्डर डेस्कटॉपवर काढून घ्या. तो आत्ताच्या ‘मेल’ फोल्डरच्या जागी ठेवू नका.

८. फाईलच गेली असेल तर

प्रोफाइल फोल्डर किंवा पीएसटीच डिलीट झाली असेल, तर आधी रिसायकल बिन बघा. विंडोज नुकतंच अपग्रेड केलं असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर असतो, तो साधारण १० दिवसांनी आपोआप जातो. मग फाईल हिस्टरी (विंडोजची बॅकअपची सोय), जुना पेनड्राइव्ह, आधीचा कॉम्प्युटर.

यातलं काहीच नसेल तर डिस्कचा प्रकार महत्त्वाचा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेल्या फाईलची जागा फक्त ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते, तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर राहतो. फोटोरेक हा मोफत प्रोग्राम नावाला फोटोंचा असला तरी पीएसटी आणि एमबॉक्स फाईलीही ओळखतो. तो त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका, सापडलेल्या फाईलीही त्या डिस्कवर ठेवू नका. दोन्ही एक्स्टर्नलवर.

एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी नवी डिस्क असेल तर स्पष्ट सांगते, आशा फार कमी. ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिलीट झालेली जागा ती स्वतःच साफ करते, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

या टप्प्यावर माणूस हताश असतो आणि पैसे मागणारे नेमके इथे भेटतात. कुठलाही प्रोग्राम विकत घेण्याआधी त्याची मोफत आवृत्ती तुमचे मेल उघडून दाखवते का ते बघा. नुसती ‘सापडले’ अशी संख्या दाखवून पैसे मागत असेल तर सोडून द्या. मदतीसाठी नेटवर शोधलेल्या नंबरवरचा माणूस स्क्रीनचा ताबा किंवा ओटीपी मागत असेल तर फोन ठेवा.

९. दुसऱ्या टोकाकडे मागा

मेल ज्याने पाठवला त्याच्या ‘सेंट’मध्ये तो असतो. सीसीत असलेल्यांकडे असतो. विचारायला संकोच वाटतो, पण मला उरलेली तीन पत्रं माझ्या मामाकडून मिळाली. आईने ती त्यालाही पाठवली होती. मागताना ‘फॉरवर्ड कर’ म्हणण्याऐवजी ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड कर’ असं सांगा, म्हणजे मूळ तारीख आणि पत्ते टिकतात.

१०. मिळाल्यावर लगेच

नेट चालू करण्याआधी परत मिळालेले मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये आहेत याची खात्री करा. आयमॅपच्या फोल्डरमध्ये राहिले तर पहिल्याच जोडणीत सर्व्हर त्यांना पुन्हा काढून टाकू शकतो. ही चूक करून दोनदा मेल गमावलेले लोक मी पाहिलेत.

पॉप वापरत असाल तर ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची खूण लावा. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली आपोआप कॉम्पॅक्ट करण्याचा पर्याय आहे, तो तूर्त काढून टाका.

आणि जे मेल कुठल्याही परिस्थितीत जायला नकोत ते निवडून थंडरबर्डच्या ‘सेव्ह ॲज’ने ईएमएल फाईल म्हणून वेगळ्या डिस्कवर ठेवा. प्रत्येक मेलची एक फाईल होते, अटॅचमेंट तिच्या आतच असते आणि ती जवळपास कुठल्याही मेल प्रोग्राममध्ये उघडते. ठेवल्यावर त्यातली एखादी उघडून बघा. मराठी अक्षरं नीट दिसतायत आणि फोटो उघडतोय, एवढं झालं की डिस्क काढून ठेवली तरी चालेल.